पात्रता आणि पडताळणी : शासकीय साहाय्याच्या अर्जाचा भाषिक विचार

१

साहित्याच्या समीक्षेत काव्य, कथा, नाटक ह्यांचा विचार होतो, क्वचित् पत्रे व रोजनिशी ह्यांचाही होतो. अर्जाचा मात्र होत नाही. वस्तुतः आपल्या विद्यापीठांतील प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखादी कादंबरी वाचलेली नसेल, पण शासकीय साहाय्याचा अर्ज त्याने वाचलेला असतो, तोही एकेका शब्दावर थांबून, कारण त्या वाचनावर त्याचे वर्ष अवलंबून असते. एवढ्या एकाग्रतेने वाचला जाणारा दुसरा मराठी गद्यप्रकार दाखविणे कठीण आहे. असे असता त्याच्या भाषेकडे भाषेच्या अभ्यासकांनी दुर्लक्ष करावे हे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखात शिष्यवृत्ती, शुल्काची प्रतिपूर्ती, लॅपटॉप वा टॅब्लेट ह्यांसारखी साधने देणाऱ्या योजनांच्या अर्जांतील व सूचनापत्रकांतील भाषेचा विचार करावयाचा आहे. योजना चांगल्या की वाईट, हा येथील प्रश्न नाही. विद्यार्थी साहाय्यास पात्र आहे किंवा नाही हे ज्या शब्दांनी ठरते ते शब्द नेमके काय करतात, आणि ज्यास आपण पडताळणी म्हणतो तीत कशाचा कशाशी पडताळा घेतला जातो, एवढेच पाहावयाचे आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले आहेत. प्रस्तुत लेखकाला तेथील विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची छाननी काही वर्षे करावी लागली, हे त्याचे एक कारण. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, पात्रता कोणी सिद्ध करावयाची हा प्रश्न ह्याच भूमीत एकदा फार मोठ्या स्वरूपात उभा राहिला होता.

२

प्रथम ‘पात्र’ ह्या शब्दाकडे वळू. संस्कृतात पा ह्या पिण्याचा अर्थ असलेल्या धातूशी त्याचा संबंध जोडतात. ज्यातून प्यावयाचे ते पात्र. पुढे ज्यात काही साठवावयाचे ते भांडे, ज्यातून पाणी वाहते तो नदीचा पट्टा, नाटकात भूमिका धारण करणारी व्यक्ती, असे त्याचे अर्थ विस्तारले. दानधर्माच्या विचारात ह्या शब्दाला नैतिक रंग चढला. दान सत्पात्री असावे, अपात्री दान निष्फळ होय, ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ‘अपात्र’ म्हणताच देणाऱ्याच्या नियमापेक्षा घेणाऱ्याची उणीव मनापुढे येते. भांड्याला भोक असावे, तसे काहीसे.

शासनाच्या योजनेत पात्रता ह्याचा अर्थ ह्याहून अगदी साधा आहे. ठरावीक अटी पूर्ण होतात की नाही, एवढाच. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे; राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या शुल्क-योजनेसाठी ती आठ लाख आहे. अडीच लाखांहून एक रुपया अधिक उत्पन्न असलेला विद्यार्थी पहिल्या योजनेस अपात्र ठरतो, त्यात त्याचा काही दोष नसतो. परंतु शब्द आपला इतिहास बरोबर घेऊनच येतो. अटीची भाषा बोलण्यासाठी आपण योग्यतेचा शब्द घेतला, आणि त्या शब्दाबरोबर योग्यतेचा न्यायनिवाडाही अर्जात शिरला.

महाडच्या इतिहासात ह्याच प्रश्नाला एक वेगळा शब्द लाभला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला व सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत असे ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीत त्यास अनुसरून ठराव केला. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहस्रावधी अनुयायी चवदार तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्या प्रसंगाचा शब्द ‘हक्क’ हा होता. तळ्याचे पाणी पिण्याची आपली पात्रता तपासावी अशी विनंती तेथे कोणी केली नाही.

पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट पुरातन आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. भाषेच्या अभ्यासकाने त्यातील एक गोष्ट लक्षात ठेवावी. वगळण्याची वहिवाट पुरातन आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वगळणाऱ्यांवर होती, आणि ते त्यांना सिद्ध करता आले नाही. पुराव्याचा भार तेथे दार बंद करणाऱ्याच्या खांद्यावर होता.

आजच्या पडताळणीत हा भार उलट बाजूस आहे. जातीच्या प्रमाणपत्रांविषयीचा जो महाराष्ट्राचा २००१ चा अधिनियम आहे, त्यात आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर स्पष्टपणे टाकलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने ह्यात विसंगती नाही. सार्वजनिक पाणी सर्वांचे असते, विशेष साहाय्य मर्यादित असते, आणि मर्यादित गोष्ट मागणाऱ्याने आपला दावा दाखवावा हे न्याय्यच आहे. तथापि दोन्ही प्रसंगी माणूस एकच आहे, गाव एकच आहे. ज्याच्या आजोबाला वगळणाऱ्यांनी पुरावा द्यावा असे न्यायालयाने म्हटले, त्याच्या नातवाला आपण कोण आहोत ह्याचा पुरावा आता स्वतः द्यावा लागतो. तो भार हलका करावयाचा की जड, हे पुष्कळ अंशी अर्जाच्या भाषेच्या हाती आहे.

३

अर्जातील शब्दसंपत्तीची पाहणी केली असता तीत तीन थर दिसतात. विद्यार्थ्याने जे आणावयाचे त्याची नावे बहुधा फारसी-अरबी वळणाची आहेत : अर्ज, दाखला, नक्कल, हमी, तहसील, जिल्हा, रक्कम. शासन जे देणार वा ठरविणार त्याची नावे संस्कृत आहेत : पात्रता, लाभ, अनुदान, शिष्यवृत्ती, मंजुरीऐवजी ‘मान्यता’. आणि ह्या दोहोंमध्ये जी यंत्रणा उभी आहे तिची नावे इंग्रजी आहेत : पोर्टल, लॉगिन, अपलोड, ओटीपी. हा विभाग काटेकोर नव्हे. प्रतिज्ञापत्र विद्यार्थीच आणतो आणि तो शब्द संस्कृत आहे. परंतु कल मात्र स्पष्ट आहे. मागणाऱ्याची भाषा मुसलमानी अमदानीतील कचेरीची, देणाऱ्याची भाषा दानशास्त्राची आणि मधल्या दारवानाची भाषा परदेशी, अशी ही रचना आहे.

कारभाराच्या भाषेचा जाणीवपूर्वक विचार करण्याची परंपरा ह्याच परिसरात सुरू झाली हे येथे नमूद केले पाहिजे. रायगड किल्ला महाड तालुक्यात येतो, आणि शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश हा सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ग्रंथ त्या राजवटीतील आहे. पुढे महाराष्ट्र राज्याची स्थापना होताच १९६० साली भाषा संचालनालय निर्माण झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराचे अधिकृत स्थान मिळाले. ह्या दोन्ही प्रयत्नांत भर शब्दांवर होता. जुना शब्द काढून कोणता नवा शब्द ठेवावा, ह्यावर पुष्कळ वाद झाले, थट्टाही झाली. वाक्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते आजच्या अर्जाचा खरा दोष त्याच्या वाक्यात आहे. ‘अर्ज’ हा शब्द राज्यव्यवहारकोशानंतरही टिकला आणि तो पोलादपूरच्या डोंगरातील माणसालाही कळतो. ‘अर्ज विचारात घेण्यात येणार नाही’ हे वाक्य मात्र त्याला कळून न कळल्यासारखे होते.

हा ‘-ण्यात येणे’चा प्रयोग पाहावा. ‘छाननी करण्यात येईल’, ‘अपात्र समजण्यात येईल’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. मराठीत ‘मारला गेला’ ह्यासारख्या रचनेत कर्ता दडविता येतो, पण ‘कोणाकडून’ हा प्रश्न तेथे मनात उभा राहतो. ‘-ण्यात येणे’ ह्या रचनेत तो प्रश्नही उद्भवत नाही. क्रियेचे नाम झाले, ते सप्तमीत बसले, आणि उरले केवळ ‘येणे’. पाऊस यावा तसा निर्णय येतो. बोलीत ही रचना जवळजवळ आढळत नाही. घरात कोणी ‘जेवण वाढण्यात येईल’ असे म्हणत नाही, म्हटलेच तर चेष्टेने. म्हणजे ही रचना केवळ अधिकाराची खूण म्हणून जगली आहे.

त्याच अर्जात विद्यार्थ्याची क्रियापदे कशी आहेत तेही पाहावे. ‘अर्जदाराने जोडावे’, ‘सादर करावे’, ‘खात्री करून घ्यावी’. येथे कर्ता स्पष्ट आहे, विध्यर्थ स्पष्ट आहे, बहुधा अंतिम दिनांकही स्पष्ट आहे. एका पक्षाची सर्व वाक्ये सकर्तृक व मुदतबंद आणि दुसऱ्या पक्षाची सर्व वाक्ये अकर्तृक व बेमुदत, हा व्याकरणाचा योगायोग नव्हे.

‘लाभार्थी’ हा शब्दही ह्याच दृष्टीने लक्षणीय आहे. विद्यार्थी आणि लाभार्थी ह्यांची घडण एकच. पहिल्यात विद्येची इच्छा आहे, दुसऱ्यात लाभाची. महाविद्यालयात प्रवेश घेताना जो विद्यार्थी असतो तो अर्ज भरताच लाभार्थी होतो. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही. परंतु ज्याच्या हाती लॅपटॉप द्यावयाचा त्याला तो विद्येसाठी हवा आहे, ही गोष्ट ह्या दुसऱ्या शब्दाने झाकली जाते.

४

आता ‘पडताळणी’. पडताळणे म्हणजे एक वस्तू दुसरीशी ताडून पाहणे. हिशेबाशी हिशेब, मापाशी माप. क्रियेला दोन वस्तू लागतात. विद्यार्थ्याच्या पडताळणीत ह्या दोन वस्तू कोणत्या, असा प्रश्न केल्यास उत्तर येते : एक कागद व दुसरा कागद. माणूस व त्याची स्थिती ह्यांची गाठ कोठेच पडत नाही. उत्पन्नाचा दाखला घराच्या चुलीशी ताडला जात नाही. तो अर्जातील आकड्याशी ताडला जातो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आधारपत्रावरील नावाशी ताडले जाते. २०१७-१८ च्या सुमारास राज्यातील शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी ही संगणकीय व्यवस्था आली, तेव्हापासून हे ताडणे पुष्कळ अंशी यंत्राकडे गेले आहे.

कागदाशी कागद ताडला जातो तेव्हा लिपीचे प्रश्न पात्रतेचे प्रश्न होतात. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत लिहिताना आरंभी ‘डी-एन-वाय’ लिहिणारे आहेत, ‘जी-वाय’ लिहिणारे आहेत, ‘जे-एन’ लिहिणारेही आहेत. ऋतुजा मधील ऋकार मराठी उच्चाराप्रमाणे ‘रु’ होतो, हिंदीच्या वळणाने ‘रि’ होतो. ‘ळ’ला रोमन लिपीत स्वतंत्र घर नाही. अंत्य अकार लिहावा की नाही ह्याविषयी एकमत नाही. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ ह्यांतील भेद तर देवनागरीतच आहे. शाळेच्या गुरुजींनी एका पद्धतीने लिहिले, आधार-केंद्रावरील मुलाने दुसऱ्या, बँकेने तिसऱ्या. तिन्ही लिहिणारे आपापल्या परीने बरोबर होते. चुकला तो केवळ विद्यार्थी, कारण तिन्ही कागद त्याचे होते.

व्यक्तिनामाचे राहू द्या, जिल्ह्याचे नावही ह्यातून सुटलेले नाही. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता, नंतर रायगड झाला. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत महाराष्ट्रातील रायगडचे नाव ‘रायगढ’ असे वाचावे लागेल अशा वर्णांनी छापलेले आहे, आणि छत्तीसगडमध्ये त्याच नावाचा जिल्हा आहे. मराठी ‘गड’ आणि हिंदी ‘गढ’ ह्यांतील एका महाप्राणाचा हा प्रश्न. शासनाच्या स्वतःच्या तक्त्यांत जिल्ह्याचे नाव दोन प्रकारे चालते. विद्यार्थ्याच्या आडनावात मात्र एका वर्णाचा फरक चालत नाही.

जातीच्या पडताळणीत तर काळ आणखी मागे जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या दिनांकांपूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. ते कागद कुलाबा जिल्ह्याचे असतात, आणि जितके जुने तितका ते मोडीत असण्याचा संभव अधिक. मोडीत ह्रस्वदीर्घ इकार-उकारांचा भेद नाही, शब्द तोडण्याची रीत सैल आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांच्या लक्षात आली. जी लिपी आम्ही भाषाविभागात ऐच्छिक विषय म्हणून शिकवितो, किंवा शिकविणारा नाही म्हणून शिकवीत नाही, तिच्यावर एखाद्या मुलाचे शुल्क अवलंबून असू शकते, हे आपल्या अभ्यासक्रमांची आखणी करताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गावाच्या नावाचीही अशीच स्थिती. पोलादपूरचा पुष्कळसा भाग डोंगराळ, वस्ती वाड्यांची. माणूस आपल्या वाडीचे नाव सांगतो, महसुली दप्तरात त्या वाडीचे मूळ गाव असते, आणि ग्रामपंचायत अनेक गावांची मिळून एक असते. ‘गाव’ ह्या एका रकान्यात ह्या तिहींपैकी कोणते नाव लिहावयाचे हे अर्जात सांगितलेले नसते. विद्यार्थी तिन्ही कागदांवर तीन नावे घेऊन येतो व तिन्ही खरी असतात.

५

ह्या भाषेचा परिणाम कसा होतो ह्याचे एक उदाहरण देतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला आलेला पूर महाडमध्ये घराघरांतून शिरला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली व ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडी आल्या. त्याआधीच्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातील वीज व छपरे नेली होती. आपल्याकडे प्रवेशाचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकच असतो. दाखले काढण्यासाठी वाडीतून निघावे, आणि ओढा चढलेला असावा, हे येथे नित्याचे आहे. त्या वर्षी भांड्याकुंड्यांबरोबर कागदही गेले.

त्यानंतरच्या एका सत्रात एक पदव्युत्तर विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचा मूळ दाखला पुरात गेला होता. दुय्यम प्रत मिळविली तीत वडिलांच्या नावातील एक अक्षर निराळे पडले. अर्जापुढे शेरा आला : अपात्र. ती मला म्हणाली, ‘सर, मी अपात्र ठरले.’ ‘माझा अर्ज अपात्र ठरला’ असे ती म्हणाली नाही. वाक्यातील उद्देश्य बदलले होते. अर्जाविषयीचे विधेय तिने स्वतःस लावून घेतले होते. मी तिला व्याकरण सांगितले नाही. कोठे जावयाचे ते सांगितले, आणि तेवढ्यासाठी तिच्या दोन खेपा व भाताच्या लावणीचे चार दिवस गेले. अखेर काम झाले. पण तो शेरा ज्या दिवशी आला त्या दिवशी तिने शिक्षण सोडण्याचा विचार केला होता, हे तिने नंतर सांगितले.

माझ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येथे आहे. तिच्या अर्जाविषयी तीन भिन्न विधाने संभवत होती. पहिले, ती योजनेच्या अटी पूर्ण करीत नाही; हे अपात्र होणे. दुसरे, तिने आवश्यक ते सर्व दिलेले नाही; हा अर्ज अपूर्ण होणे. तिसरे, तिने जे दिले ते अद्याप ताडून झालेले नाही किंवा दोन कागदांत मेळ बसत नाही. हे अप्रमाणित राहणे. पहिले विधान विद्यार्थ्याच्या स्थितीविषयी आहे, दुसरे त्याच्या कृतीविषयी, तिसरे तपासणाऱ्याच्या ज्ञानाविषयी. ‘आम्हांस अजून ठाऊक नाही’ आणि ‘तुमची योग्यता नाही’ ही दोन विधाने कोणत्याही तर्कशास्त्रात एक नव्हेत. एकच शब्द वापरून ती एक केली जातात, तेव्हा तपासणाऱ्याचे अज्ञान विद्यार्थ्याच्या खात्यावर अपात्रता म्हणून मांडले जाते.

६

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. पडताळणी सैल केल्यास गैरव्यवहार वाढेल. शिष्यवृत्तीच्या रकमा बोगस विद्यार्थ्यांच्या नावावर उचलल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत, आणि त्यांतील प्रत्येक रुपया कोणा खऱ्या विद्यार्थ्याचा होता. कागदाची व्यवस्था लोकशाहीस अनुकूल आहे, हेही मान्य केले पाहिजे. सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना प्रथम दरमहा २५ रुपये व पुढे १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यामागे कृष्णाजी अर्जुन केळूसकर ह्यांच्यासारख्या गुणज्ञ गुरुजनांची शिफारस होती. तेथे माणसाने माणसाची ओळख पटविली. ती पडताळणी श्रेष्ठ खरी, परंतु ज्याला केळूसकर भेटले नाहीत त्याचे काय? १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची शासकीय योजना सुरू झाली, तिचे महत्त्व ह्यातच आहे की ती कोणाच्या मर्जीवर नव्हे, नियमावर चालावयाची होती. अर्ज हा शिफारशीचा उत्तराधिकारी आहे. तो नष्ट व्हावा असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न पडताळणी असावी की नसावी हा नसून कशाची असावी हा आहे. इतर राज्यांचे अनुभव येथे उपयोगी पडतात. तमिळनाडूत २०११ साली विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची जी योजना सुरू झाली तीत मुख्य अट शासकीय वा अनुदानित संस्थेतील शिक्षण ही होती. उत्तर प्रदेशात २०१२ च्या सुमारास बारावी उत्तीर्णांसाठी लॅपटॉपची आणि २०२१ साली पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी टॅब्लेट व स्मार्टफोनची योजना आली. ह्या दुसऱ्या योजनेत विद्यार्थ्यांची माहिती संस्थांनी भरावी व विद्यापीठांनी तपासावी अशी पद्धत होती. आपल्याकडे महाज्योती ह्या संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके व विशेष मागासप्रवर्गातील प्रवेशपरीक्षार्थींना टॅब्लेट दिले, तेथे वास्तव्य, जात व उन्नत गटात नसणे ह्या अटी आल्या. ह्यावरून एक साधा नियम निघतो. पात्रता जेव्हा संस्थेला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर ठरते, उदाहरणार्थ नाव नोंदले आहे की नाही, तेव्हा पडताळणीचे ओझे संस्थेवर पडते. ती जेव्हा जात, उत्पन्न, वास्तव्य अशा गोष्टींवर ठरते, तेव्हा ते विद्यार्थ्यावर पडते. पहिली पद्धत सोपी आहे, परंतु तिच्यात श्रीमंताच्या मुलालाही साधन मिळते. दुसरी अधिक न्याय्य असावी अशा हेतूने आखलेली असते, पण तिचा खर्च गरिबालाच सोसावा लागतो. ज्याच्यासाठी ती आखली त्याच्याच वाटेत ती अधिक चढ निर्माण करते.

उत्पन्नाच्या रकान्याचे उदाहरण घ्यावे. महाड-पोलादपुरातील पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष मुंबईत वा अन्य शहरात चाकरीला असतो, आणि घरची शेती म्हणजे पावसाळी भात. ‘कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न’ हे चार शब्द लिहिणाऱ्याच्या मनात एका छपराखालचे, एका पगाराचे कुटुंब आहे. चुलत्याने धाडलेले पैसे ह्यात धरावयाचे काय? दाखला गावच्या तहसीलदाराचा की चाकरीच्या ठिकाणचा? ह्या शंकांना अर्ज उत्तर देत नाही; ते देतो अर्ज भरून देणारा दुकानदार, आणि त्याची व्याख्या दर दुकानी निराळी असते. शास्त्रीय परिभाषेचा आमच्याकडे इतका आग्रह, मग ‘कुटुंब’ ह्या शब्दाची व्याख्या त्याच पानावर का असू नये?

७

समीक्षकाने केवळ दोष दाखवून थांबू नये, ह्यासाठी चार सूचना करतो. त्या सर्व भाषेच्या कक्षेतीलच आहेत.

पहिली, अपात्र, अपूर्ण व अप्रमाणित हे तीन शेरे वेगळे असावेत, आणि प्रत्येकाबरोबर कोणत्या रकान्यामुळे तो दिला हे लिहावे. दुसरी, ‘-ण्यात येईल’ ह्या प्रत्येक वाक्याला कर्ता व मुदत द्यावी. ही मागणी क्रांतिकारक नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ह्याने अधिसूचित सेवा कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत द्यावयाची हे जाहीर करण्याचे बंधन घातलेलेच आहे. कायद्याने दिलेला कर्ता वाक्यरचनेने काढून घेऊ नये. त्या अधिनियमाच्या नावात ‘हक्क’ हा महाडचा शब्द आहे, हेही विसरू नये.

तिसरी सूचना आमच्या शास्त्राविषयी आहे. नावे वर्णावर्णाने न ताडता ध्वनिसाम्याने ताडण्याची एक पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली. ती इंग्रजी नावांसाठी होती व मराठीस जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण ज्ञ, ऋ, ळ, ह्रस्वदीर्घ आणि अंत्य अकार ह्यांच्या रोमन रूपांची जी विविधता वर सांगितली ती स्वैर नाही, नियमबद्ध आहे. तिचे नियम मांडणे हे मराठी भाषाविज्ञानाचे काम आहे. ते आपण केले नाही म्हणून यंत्र आंधळेपणाने ताडते. ह्या दोषाचा काही वाटा आपल्याकडेही येतो. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी विषय मागितल्यास मी त्यास हा सुचवीन.

चौथी, शासनाजवळ जो कागद आहे तो शासनाने विद्यार्थ्याकडे पुन्हा मागू नये. कागद संगणकीय रूपात जपण्याची सोय २०१५ पासून देशात आहे, आणि पुराच्या प्रदेशात तिचे मोल विशेष आहे. परंतु सोय असणे आणि अर्जात ‘मूळ प्रत सादर करावी’ हे वाक्य तसेच राहणे, ह्यांत मेळ नाही.

ह्या सूचना अंमलात येतील तेव्हा येतील. तोवर छाननी आपल्यातीलच कोणी प्राध्यापक, कोणी कार्यालयीन सहकारी करीत राहतील. शेरा लिहिण्याचा अधिकार त्यांच्या हाती आहे. ‘अपात्र’ लिहिण्यापूर्वी, मला हे ठाऊक आहे की केवळ जुळलेले नाही, असा प्रश्न त्यांनी स्वतःस करावा. तेवढ्याने योजना बदलणार नाही. पण ‘मी अपात्र ठरले’ असे म्हणत कोणी विद्यार्थिनी दारात उभी राहणार नाही, आणि एवढे साधण्यासाठी कोणत्याही नव्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.